झुंबराखालचं प्रेत : रीजन्सी काळातल्या रहस्यकथा तुम्हाला का आवडतात?

ओसरी

मे महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना घरात अडकले. त्या दीड महिन्यात किंडलवर चौदा रहस्यकथा वाचल्या. चौदाच्या चौदा एकाच काळातल्या, एकाच शहरातल्या, जवळजवळ एकाच पेठेतल्या म्हणा ना. रीजन्सी काळातलं लंडन, मेफेअर. उमराव, त्यांच्या बायका, बॉलरूम, हातमोजे, पंखे आणि लायब्ररीतल्या गालिच्यावर पालथं पडलेलं कोणीतरी. नवरा आता खोलीत येतो तेव्हा "आज कोणता लॉर्ड गेला?" असं विचारतो.

ज्यांना रीजन्सी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी : तिसरा जॉर्ज राजा वेडाच्या झटक्यांमुळे राज्यकारभार बघण्याच्या स्थितीत राहिला नाही, म्हणून फेब्रुवारी १८११मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला रीजंट, म्हणजे राजप्रतिनिधी नेमलं. जानेवारी १८२०मध्ये म्हातारा राजा वारला आणि हा चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. म्हणजे खरी रीजन्सी जेमतेम नऊ वर्षांची. त्या नऊ वर्षांत कादंबरीकारांनी मेफेअरमध्ये इतके मुडदे पाडलेत की तिथे नाचायला माणसं उरली कशी, हेच एक रहस्य आहे.

तर प्रश्न असा. मी कोथरूडची बाई, नोकरी बँकेत, नाच म्हणजे भोंडल्यापुरता. मला या लोकांशी काय घेणंदेणं? तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

माझा अंदाज सांगते. त्या समाजात प्रत्येक जण प्रत्येकावर डोळा ठेवून असतो आणि सरळ कोणीच बोलत नाही. कोण कोणाबरोबर सलग दोनदा नाचलं, कोणाची बग्गी कोणाच्या दारात किती वेळ उभी होती, कोणी कोणाला बघून न बघितल्यासारखं केलं. एरवी याला चहाड्या म्हणतात. खून पडला की याच चहाड्यांचा पुरावा होतो. मला तो क्षण फार आवडतो, जेव्हा एखाद्या कुचाळखोर म्हातारीचं आठ प्रकरणांपूर्वीचं वाक्य अचानक साक्ष होऊन उभं राहतं.

तुम्हाला काय वाटतं? पुस्तकांची नावं नकोत प्लीज, त्या याद्यांचे धागे आधीच चार आहेत. इथे फक्त "का" यावर बोलू.

टिचकी

मी पहिली! सावकाश लिहिते. गुडघा कसा आहे?

वाचाळवीर

सगळे कौतुक करायच्या आधी मिठाचा खडा टाकून जातो.

हा प्रकार म्हणजे आपल्या संध्याकाळच्या मालिका, फक्त साडीच्या जागी मलमलीचे झगे. तोच भलामोठा बंगला, तीच इस्टेट, तीच कोपऱ्यात उभी राहून कट करणारी काकू. वर एक मडं. आणि नायिका बघा : वय बावीस, लॅटिन येतं, शवविच्छेदन येतं, कुलूप उघडता येतं, मध्यरात्री एकटी गोदीत जाते आणि सकाळी चॉकलेट पिताना कोणाला पत्ताही नसतो. १८१२ सालची अविवाहित मुलगी दिवसासुद्धा मोलकरीण सोबत घेतल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नव्हती. हे एकविसाव्या शतकातल्या बाईला फॅन्सी ड्रेस घातल्यासारखं आहे.

आणि नोकर? एकेका घरात पंधरा-वीस नोकर. कादंबरीत त्यांची कामं दोनच : प्रेत सापडल्यावर किंकाळी फोडणे आणि दुसरं प्रेत होणे.

टिचकी

"किंकाळी फोडणे आणि दुसरं प्रेत होणे" हसून हसून पुरेवाट!!

सूक्ष्मदर्शक

मी पेशाने पॅथॉलॉजिस्ट. मला या कथा आवडण्याचं कारण अगदी स्वार्थी आहे : त्यात माझ्यासारख्या माणसाला काही काम नाही.

आजच्या काळातली रहस्यकथा वाचताना मी वीस पानांत कंटाळतो, कारण लेखक डीएनएच्या नावाखाली काहीही खपवतो. रीजन्सीत डीएनए सोडाच, बोटांचे ठसेही नाहीत. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय निघालं ते १८९७मध्ये, आणि तेही आपल्या कलकत्त्याला. कपड्यावरचा डाग माणसाच्या रक्ताचा की कोंबडीच्या, हे सांगणारी चाचणी विसाव्या शतकातली. आर्सेनिक उंदरांसाठी म्हणून कोणीही विकत घ्यावं, लक्षणं जुलाब-उलट्यांची, आणि ते पोटात होतं हे खात्रीनं दाखवणारी मार्शची चाचणी आली १८३६मध्ये. म्हणजे १८१५ साली सुपात विष घालणारा माणूस जवळजवळ निर्धास्त.

मग शोध लावणाऱ्याकडे राहतं काय? माणसं, त्यांच्या वेळा, त्यांचं खोटं बोलणं. ओसरी म्हणतायत त्या चहाड्या तिथे चवीला घातलेल्या नाहीत. दुसरं साधनच नाही.

काळा_कोट

वाचाळवीरांचा मुद्दा अर्धा मान्य. पण या काळाचं कायद्याचं चित्र बघितलं तर लेखक याच दशकावर का तुटून पडतात ते कळतं.

फाशीची शिक्षा असलेले गुन्हे तेव्हा दोनशेच्या वर होते. दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलला तरी कागदावर शिक्षा फाशी. प्रत्यक्षात बरेच जण सुटत किंवा ऑस्ट्रेलियाच्या जहाजात बसत, पण टांगती तलवार खरी होती. आणि बचाव? गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी घेता यायची, पण ज्युरीपुढे उभं राहून अशिलाची बाजू मांडायची परवानगी नव्हती. ती मिळाली १८३६मध्ये. तोपर्यंत आरोपीनं आपलं आपण बोलायचं. विचार करा, भेदरलेली मोलकरीण स्वतःच्या जिवासाठी ज्युरीपुढे भाषण करतेय. म्हणून कादंबरीतल्या "चुकीच्या माणसाला पकडलंय, आठवड्यात फाशी आहे" या घाईत अतिशयोक्ती फार नसते.

उलट उमरावाचा खटला साध्या कोर्टात चालतच नसे. तो हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, त्याच्या बरोबरीच्यांपुढे. तरी १७६०मध्ये अर्ल फेरर्सला स्वतःच्या कारभाऱ्याला गोळी घातल्याबद्दल टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी झालीच.

खऱ्या आयुष्यातला किस्सा हवा असेल तर जेन ऑस्टिनची मामी. १७९९मध्ये बाथमधल्या एका दुकानातून वीस शिलिंगांची लेस चोरल्याचा आळ तिच्यावर आला. चांगल्या घरची, पैसेवाली बाई. खटला उभा राहीपर्यंत कित्येक महिने ती जेलरच्या घरात काढते, नवरा तिच्यासोबत तिथे राहतो. मार्च १८००मध्ये टाँटनला खटला चालला आणि ज्युरीनं थोड्याच वेळात सोडून दिलं. दुकानदारानंच पुडक्यात लेस सरकवून पैसे उकळायचा डाव टाकला होता, असं पुष्कळांचं मत. बाईंनी खरंच उचलली होती, असं म्हणणारेही आहेत. दोनशे वर्षांनी अजून निकाल लागलेला नाही.

अजून एक. लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं. तिथले विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२चे. आपल्याकडे निदान स्त्रीधन ही कल्पना तरी शास्त्रात होती. खुनाला कारण शोधायला लेखकाला लांब जावं लागत नाही.

टिचकी

म्हणजे नवरा मेला की बाई श्रीमंत! आता कळलं, या पुस्तकांतली डिटेक्टिव्ह बाई हटकून तरुण विधवा का असते.

ओसरी

टिचकी, अगदी बरोबर पकडलंस. चौदापैकी सहा नायिका विधवा होत्या. सोबतीण लागत नाही, स्वतःचं घर, स्वतःच्या सहीनं पैसे काढता येतात, कोणाच्याही दिवाणखान्यात जाऊन बसता येतं. वाचाळवीरांच्या "एकटी गोदीत कशी जाते" या प्रश्नाला लेखकांनी काढलेली ही पळवाट आहे.

निशिगंधा_

ओसरी, हे वाचून थांबले जरा.

त्याच वर्षांत आपल्याकडे विधवा म्हणजे केशवपन, आलवण आणि माजघराचा कोपरा. माझ्या पणजीनं हे सगळं पुढच्या शतकातसुद्धा भोगलंय, माझ्या आजीनं ते डोळ्यांनी बघितलेलं. आजी म्हणायची, घरात कोणाचं काय चाललंय ते सगळ्यात जास्त तिला ठाऊक असायचं, कारण तिच्यासमोर कोणी गप्प बसायचं नाही. ती तिथे आहे हे लोक विसरूनच जायचे.

रेशमी हातमोजे घातलेली विधवा खुनाचा छडा लावते तेव्हा मला पणजी आठवते. खरं तर दोघींमध्ये काही साम्य नाही. तरी आठवते.

वाचाळवीर

निशिगंधा, याच्यावर माझ्याकडे विनोद नाही. पणजीवर कादंबरी लिही, पहिली प्रत मी विकत घेतो.

लीड्सकर

गेली अकरा वर्षं इंग्लंडात आहे, म्हणून दोन शब्द. लंडनला किंग स्ट्रीटवर जिथे अल्मॅक्स होतं तिथे आता ऑफिसची इमारत आहे. बायकोला हौसेनं दाखवायला नेलं तर म्हणाली, "यासाठी मेट्रोत तीन जिने चढवलेस?"

अल्मॅक्स म्हणजे त्या काळातला सगळ्यात कडक सोवळ्याचा हॉल. सीझनमध्ये दर बुधवारी नाच. पैसे असून उपयोग नाही, प्रवेशपत्र लागायचं आणि ते कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या मोजक्या उमराव बायका. त्यांनी नाव काटलं की मुलीच्या लग्नाच्या बाजारात भाव खाली. ठरावीक वेळेनंतर दार बंद. प्रत्यक्ष वेलिंग्टनला, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या सेनापतीला, परत पाठवल्याचा किस्सा सांगतात, एकदा उशिरा आला म्हणून किंवा चुकीची विजार घातली म्हणून. कोण सांगतंय त्यावर कारण बदलतं, म्हणजे किस्साच असावा.

आणि एवढं करून आत खायला काय? पातळ कापलेला ब्रेड, लोणी, चहा आणि लेमोनेड.

चकली

काय??? एवढा नट्टापट्टा करून ब्रेड-बटर? आमच्याकडे साध्या केळवणाला दोन गोड असतात. मग खून नाही पडणार तर काय!

मिरजमामा

चकली, पहिला खून आचाऱ्याचा व्हायला हवा होता.

दुर्गभ्रमर

लीड्सकर, वेलिंग्टनला दारातून परत पाठवणाऱ्या बायकांना आमचा मुजरा. असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ला याच वेलिंग्टनसमोर शिंदे-भोसल्यांच्या फौजेला जे जमलं नाही ते त्यांनी केलं.

लीड्सकर

पेटला! आता हा धागा लंडनहून निघून औरंगाबादमार्गे पुण्याला जाणार.

निशाचर

जायच्या आधी एक थांबा ईस्ट एंडला घ्या. वाचाळवीर म्हणाले की गरिबांना जागा नाही. पण रीजन्सीतलं सगळ्यात गाजलेलं हत्याकांड गरीब वस्तीतलंच आहे.

७ डिसेंबर १८११. रॅटक्लिफ हायवेवर टिमथी मार नावाचा कापडाचा दुकानदार. मध्यरात्रीच्या सुमाराला दुकान आवरताना त्यानं कामाच्या पोरीला ऑयस्टर (कालवं) आणायला बाहेर पाठवलं. तिला कुठे मिळाले नाहीत. परत आली तर दार आतून बंद, आत काळोख. दार वाजवलं, उघडलं नाही. शेजारी मागच्या बाजूनं आत गेला तेव्हा मार, त्याची बायको, हाताखालचा मुलगा आणि पाळण्यातलं तान्हं बाळ, चौघंही मेलेले. हत्यार म्हणजे जहाजावरच्या सुतारांचा मोठा हातोडा. बारा दिवसांनी जवळच्याच एका दारूच्या गुत्त्यात मालक, त्याची बायको आणि मोलकरीण, असे आणखी तीन. तिथला एक भाडेकरू चादरींना गाठी मारून खिडकीतून खाली उतरला म्हणून वाचला.

संशय जॉन विल्यम्स नावाच्या खलाशावर. खटला उभा राहण्याआधीच तो कोठडीत लटकलेला सापडला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याचं प्रेत गाडीवर घालून रस्त्यारस्त्यातून मिरवलं आणि चौकात पुरलं, छातीत खुंटी ठोकून. त्यानंच केलं होतं का, यावर अजून वाद आहे.

त्या पोरीला ऑयस्टर पहिल्याच दुकानात मिळाले असते तर? मी रात्री दूध आणायला जाताना कधीकधी हा विचार करतो आणि मग लिफ्टनं न जाता जिन्यानं जातो. का ते विचारू नका.

काळा_कोट

निशाचर, उत्तम उदाहरण. याच प्रकरणानंतर पार्लमेंटमध्ये पोलीस हवेत की नकोत यावर रणकंदन झालं आणि तरीही पोलीस आले नाहीत. तेव्हाच्या एका खासदारानं पत्रात लिहिलंय की फ्रान्ससारखे हेर आणि घरझडत्या सोसण्यापेक्षा दर तीन-चार वर्षांनी रॅटक्लिफ हायवेवर पाच-सहा गळे कापले गेलेले परवडले. गळे अर्थातच त्याच्या गल्लीतले नव्हते.

लंडनला मेट्रोपॉलिटन पोलीस मिळाले १८२९मध्ये. तोपर्यंत वॉर्डाचे रात्रपहारेकरी, बरेचसे म्हातारे, आणि १७४९पासूनचे ते बो स्ट्रीटवाले, म्हणजे बो स्ट्रीटच्या कोर्टाचे चोर पकडणारे. सरकारी पगार आठवड्याला गिनीच्या (एकवीस शिलिंगांच्या) आसपास, बाकी कमाई बक्षिसांवर आणि श्रीमंतांनी भाड्यानं घेतलं तर त्यावर. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की चाळीस पौंड इनाम. याचा परिणाम काय व्हावा? १८१६मध्ये उघडकीला आलं की काही अधिकारी गरीब पोरांना गुन्ह्यात ओढून स्वतःच पकडून देत होते, इनामासाठी. दोन वर्षांत ती इनामपद्धत गुंडाळावी लागली.

अशा अवस्थेत घरंदाज माणूस आपल्या घरातला खून बो स्ट्रीटवाल्याच्या हातात देईल का? तो आपल्याच वर्तुळातला एखादा हुशार, रिकामटेकडा, कर्जबाजारी धाकटा भाऊ गाठणार. कादंबरीचा नायक तयार.

सूक्ष्मदर्शक

आणि प्रेताची तपासणी जवळच्या खानावळीच्या टेबलावर, बारा-चौदा स्थानिक पंचांसमोर. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी अशीच चालायची. आपल्या मुंबईत कॉरोनर हे पद १९९९पर्यंत होतं, म्हणजे ही परंपरा माझ्या विद्यार्थिदशेपर्यंत पोचली. खानावळीतलं टेबल मात्र नशिबी नव्हतं.

मिरजमामा

डॉक्टर, जेवायला बसलोय हो.

दुर्गभ्रमर

मी आता पुण्यालाच नेतो गाडी. अवांतर वाटलं तर सोडून द्या, पण मला हे अवांतर वाटत नाही. रीजन्सीतल्या उच्चभ्रू समाजातलं खुनाचं रहस्य हवंय ना? जुलै १८१५. वॉटर्लूला जेमतेम महिना झालाय. जागा मेफेअर नाही, पंढरपूर.

गंगाधरशास्त्री पटवर्धन, बडोद्याच्या गायकवाडांचा कारभारी. पेशवे आणि गायकवाड यांच्यातले जुने हिशेब मिटवायला १८१४मध्ये पुण्याला आला, कंपनी सरकारनं त्याच्या सुरक्षिततेची हमी घेतलेली. एल्फिन्स्टन तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. त्यानं शास्त्र्याचं जे वर्णन केलंय ते कादंबरीतल्या पात्राचंच आहे : मोठा पंडित, पण भरभर चालणारा, भरभर बोलणारा, बोलताना इंग्रजी शब्द पेरणारा. पेशव्यांच्या मर्जीतला माणूस त्रिंबकजी डेंगळे. अहमदाबादचा इजारा (महसूल वसुलीचा मक्ता) कोणाला, यावरून खुन्नस. मध्येच दुसऱ्या बाजीरावानं आपली मेव्हणी शास्त्र्याच्या मुलाला द्यायचं ठरवलं, तयारी झाली आणि शास्त्र्यानं माघार घेतली. बघा, मोडलेलं लग्नसुद्धा आहे.

मग आषाढात पेशवे पंढरपूरला, शास्त्री सोबत. त्या रात्री त्याला बरं नव्हतं. त्रिंबकजीकडून देवळात यायचं बोलावणं आलं, नाही म्हणाला. परत बोलावणं. शेवटी मोजकी माणसं घेऊन गेला, विठोबाचं दर्शन घेतलं, गप्पा झाल्या आणि मुक्कामाला परतताना भर रस्त्यात मारेकऱ्यांनी तोडला. एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळची लेणी बघत होता. बातमी कळताच पुण्याला परतला, चौकशी केली आणि त्रिंबकजीवर बोट ठेवलं. पेशव्यानं टाळाटाळ केली, सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या ताब्यात गेला.

आता पुढचा भाग. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कोणी फितूर होऊ नये. गोऱ्यांना मराठी येत नाही. एका साहेबाचा मोतद्दार त्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतच पळून जायचा बेत सांगायचा. सप्टेंबर १८१६मध्ये त्रिंबकजी पसार. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर, त्यानं हा किस्सा लिहून ठेवलाय. पुढे १८१८मध्ये पकडला आणि काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवला. तोपर्यंत पेशवाईच बुडालेली.

कुठल्या मेफेअरच्या लेखकाला सुचेल हे?

चकली

मोतद्दाराचं गाणं!!! अंगावर काटा आला. यावर कोणी काही लिहिलं का नाही?

गारपीट

दुर्गभ्रमर, छान लिहिलंत, पण "एल्फिन्स्टननं चौकशी केली" हे फार भोळं वाटलं. त्याला पेशव्याच्या नाकात वेसण घालायला निमित्त हवंच होतं. खुनाचा छडा लावणारा आणि खुनाचा फायदा होणारा एकच माणूस, हे कुठल्या रहस्यकथेत चालतं? जून १८१७चा पुण्याचा तह बघा, पेशव्याकडून काय काय काढून घेतलं ते. खून त्रिंबकजीनं करवला नाही असं मी म्हणत नाही. पण निकाल देणाराच वादी होता.

दुर्गभ्रमर

गारपीट, मान्य. बाजीरावाला आधी किती ठाऊक होतं हाही प्रश्न उरतोच. म्हणून तर रहस्य म्हणालो.

वाचाळवीर

झालं. आता इथे पेशवे विरुद्ध इंग्रज तीनशे प्रतिसाद. पॉपकॉर्न आणतो.

ओसरी

पॉपकॉर्न परत ठेवा. पेशवाईसाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येईन. (दुर्गभ्रमर, खरंच काढा.)

पण गारपीट यांच्या प्रतिसादामुळे मला एक गोष्ट सुचली. "छडा लावणारा आणि फायदा होणारा एकच" हे मेफेअरच्या कथांनाही लागू आहे. तो शोध लावणारा धाकटा भाऊ त्याच वर्गातला. खुनी सापडल्यावर काय होतं आठवा. फार कमी वेळा तो कोर्टात उभा राहतो. एक तर पिस्तुलात स्वतःचीच गोळी, नाही तर "शिकारीत अपघात", नाही तर रातोरात समुद्रापलीकडे फ्रान्समधल्या कॅलेला. कर्जं फार झाल्यावर त्या काळातला फॅशनचा बादशहा ब्यू ब्रमेलही १८१६मध्ये तिकडेच पळाला होता. म्हणजे छडा लागतो आणि लगेच त्यावर गालिचा टाकतात. घराण्याचं नाव वाचलं पाहिजे. चौदापैकी नऊ पुस्तकांचा शेवट हाच होता, आत्ता मोजलं. आणि मला तो शेवट पटला होता! वाचताना एकदाही वाटलं नाही की हा अन्याय आहे. याचं आता जरा वाईट वाटतंय.

गारपीट

त्या गालिच्याचे पैसे कुठून आले तेही बघा. साखरेच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांकडून. इंग्लंडनं गुलामांचा व्यापार १८०७मध्ये बंद केला, गुलामगिरी बंद करायचा कायदा १८३३चा. मधली सगळी वर्षं हे लोक नाचत होते. आणि दुसरा पैसा आपल्याकडचा, कंपनीच्या नोकरीतून गबर होऊन गेलेल्यांचा. आताचे काही लेखक हे आणतात कथेत, पण बऱ्याच वेळा प्रायश्चित्त घेतल्यासारखं एक प्रकरण, की परत नाच सुरू.

लीड्सकर

गारपीट, उलट्या दिशेनं गेलेलाही एक होता. पाटण्याचा शेख दीन महंमद. १८१०मध्ये त्यानं लंडनला पोर्टमन स्क्वेअरजवळ हिंदुस्थानी कॉफी हाऊस काढलं, हुक्का आणि भारतीय जेवण. दोन वर्षांत दिवाळं. मग ब्रायटनला जाऊन चंपी-मालिशीची स्नानगृहं काढली आणि पुढे खुद्द चौथ्या जॉर्जचा चंपीवाला झाला. राजापासून सगळे त्याच्यापुढे उघड्या अंगानं झोपणार आणि बडबडणार. याच्यासारखा डिटेक्टिव्ह शोधून सापडेल का?

चकली

अल्मॅक्समध्ये ब्रेड-बटर आणि दोन मैलांवर भारतीय जेवणाचं दिवाळं. इंग्रजांना अक्कल नव्हती हे सिद्ध.

टिचकी

चंपीवाल्याची कादंबरी कोणी लिहीत असेल तर टंकायला मी मदत करते.

*(दोन महिन्यांनंतर)*

पाटपाणी

धागा वर काढते. वाचनमात्र होते, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

ओसरींचा मूळ प्रश्न : हे आपल्याला का आवडतं. माझं उत्तर एका लग्नात आहे. १९८७, गाव सांगत नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात तिच्या होणाऱ्या सासूबाईंचा तन्मणी सीमांतपूजनाच्या रात्री नाहीसा झाला. वाड्यात दीडशे माणसं. पोलिसांना बोलवायचा विषयच नाही, वरपक्षाला कळलं तर संपलं असं आमच्या बाजूच्यांना वाटत होतं, आणि वरपक्षाला वाटत होतं की आपण बोललो तर व्याह्यांना चोर म्हटल्यासारखं होईल. त्यामुळे दोन्हीकडच्यांना माहीत आणि दोन्हीकडचे हसतमुख.

माझी आत्येआजी तेव्हा सत्तरीची. तिनं काही विचारलं नाही कोणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाढणाऱ्यांच्या मागे पाट टाकून बसली आणि पंगती बघत राहिली. तिसरी पंगत उठल्यावर माझ्या आईला म्हणाली, "अमकीनं आज दोनदा पंगत सोडली. पहिल्यांदा विहीणबाई बसल्या तेव्हा, दुसऱ्यांदा विहीणबाईंची जाऊ बसली तेव्हा. आणि काल रात्रीपासून तिची पिशवी खांद्यावरून उतरलेली नाही. हळद लावायलासुद्धा नाही."

सूक्ष्मदर्शक

अरे वा! ठसे नाहीत, चाचणी नाही, फक्त पंगत.

ओसरी

पाटपाणी, पुढे??? तन्मणी मिळाला का?

पाटपाणी

मिळाला. आत्येआजीनं त्या बाईला कोठीत नेलं, दार लावलं, पाच मिनिटांत दोघी बाहेर. मंगलाष्टकांच्या आधी तन्मणी विहीणबाईंच्या उशाखाली "सापडला". विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, माझंच विसराळूपण," आणि आत्येआजीला वाकून नमस्कार केला. दोघींना सगळं ठाऊक होतं, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बाईला शेवटपर्यंत मानाची साडीसुद्धा दिली.

वाचाळवीर

मूळ प्रतिसादात मी जे काही बरळलो ते मागे घेतो. मालिका नाही, वाडाच आहे हा.

निशिगंधा_

गालिचा टाकला म्हणायचा.

मिरजमामा

सगळं ठीक, पण चोर कोण ते सांगा की. आता छत्तीस-सदतीस वर्षं झाली.

पाटपाणी

नाही सांगणार मामा. त्या काकू अजून आहेत, ठणठणीत आहेत, आणि त्यांची सून या धाग्यावर आहे.

चकली

मी नाही हं!

टिचकी

मी तर लग्नच केलेलं नाही.

मिरजमामा

चकलीला कोणी विचारलं होतं का?